धुलाई भत्ता आणि लॉगबुक

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला. करमाळ्यापासून माढा, मोहोळ, दक्षिण सोलापूरपर्यंत नदीकाठची शिवारं पाण्याखाली गेली. सोयाबीन कुजलं, उभ्या उसात गाळ बसला, दावणीची जनावरं गेली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं मदतीचं पॅकेज जाहीर केलं आणि महिना संपायच्या आत केंद्राने आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा मंजूर केली. दोन बातम्या एका महिन्यात आल्या आणि आमच्याकडे सोलापुरात वादाला तोंड फुटलं. लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, नव्या पेठेतल्या कापडाच्या दुकानात तेव्हापासून मी तोच वाद ऐकतो आहे. एक बाजू म्हणते, सरकारी नोकरांचे पगार निम्म्यावर आणा आणि ते पैसे शेतकऱ्याला द्या. दुसरी म्हणते, आमच्या पगाराकडे बोट दाखवायचं नाही, तो आमचा हक्क आहे. आधी मोठ्यांची थकलेली कर्जं वसूल करा. दोघंही पोटतिडकीने बोलतात आणि दोघंही एकाच ठिकाणी चुकतात. तपासणी आणि कपात या दोन गोष्टी त्यांनी एकच धरल्या आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगतो. तंगीच्या काळात सार्वजनिक तिजोरीतून जाणारा प्रत्येक पगार आणि प्रत्येक भत्ता चारचौघांसमोर तपासला गेला पाहिजे, आणि ही तपासणी वरून खाली आली पाहिजे. ही मागणी नोकरदारांच्या विरोधातली नाही, त्यांच्यातल्या सगळ्यात खालच्या माणसाच्या बाजूची आहे. कारण तंगीत कपात ही होतेच. उघड तपासणी झाली नाही की ती गुपचूप होते, आणि ज्याला संप करता येत नाही, कोर्टात जाता येत नाही, ज्याची संघटना नाही, नेमकी त्याच्यावर होते.

मी एकतीस वर्षं एका निमसरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत काढली. पगारबिलं केली, प्रवासभत्त्याची बिलं तपासली, ऑडिटच्या आक्षेपांचे खुलासे लिहिले. वडील मिलमध्ये होते, आई विड्या वळायची. मिलचा भोंगा थांबल्यावर दोन वर्षं आमचं घर आईच्या मजुरीवर चाललं, तेही मोजून देताना किती विड्या बाद होतात त्यावर. त्यामुळे ठरल्या तारखेला खात्यावर जमा होणाऱ्या पगाराची किंमत मला कोणी समजावून सांगावी लागत नाही.

त्या नोकरीतला एक आठवडा माझ्या डोक्यातून जात नाही. ऑडिट पार्टी आली होती. आमच्या एका शिपायाला गणवेश धुण्यासाठी महिना पन्नास रुपये धुलाई भत्ता मिळायचा. त्या उन्हाळ्यात तो टायफॉइडने दीड महिना रजेवर होता आणि रजेच्या काळातला भत्ता बिलात तसाच निघाला होता. बिल मी केलं होतं. आक्षेप आला, पंचाहत्तर रुपयांची वसुली लागली, पुढच्या पगारातून ती कापून घेतली. त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर साहेबांच्या गाडीचं लॉगबुक होतं. एका शनिवारी गाडी कोल्हापूरला गेली होती, रविवारी रात्री परत आली होती. समोर शेरा होता: ‘कार्यालयीन काम.’ त्या रविवारी कोल्हापुरात साहेबांच्या नात्यात लग्न होतं, पत्रिका आम्हा सगळ्यांनाच आली होती. डिझेलची पावती जोडलेली, चालकाचा अतिकालिक भत्ता लावलेला, सही-शिक्का जागच्या जागी. त्यावर आक्षेप आला नाही. मीही तोंड उघडलं नाही, आणि ते मला आजही बोचतं.

पंचाहत्तर रुपये सापडले, कारण ते पगारपत्रकात होते. गाडी, चालक, डिझेल, बंगल्यावर कामाला लावलेली दोन माणसं, घरचा फोन यांतलं काहीच पगारपत्रकात नसतं. ते वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली, म्हणजे खर्चाच्या वेगवेगळ्या खात्यांत, विखुरलेलं असतं आणि कोणाही एका माणसाच्या नावावर त्याची बेरीज होत नाही. म्हणून ‘पगार तपासा’ एवढंच म्हणून भागत नाही. पगारपत्रकात न दिसणारा लाभ तपासात आणला नाही, तर तपासणी शिपायाच्या गणवेशापाशी सुरू होऊन तिथेच संपते. कर्मचारी संघटना तपासणीला घाबरतात ती याच अनुभवाने, आणि त्यांची भीती खोटी नाही.

त्यांचे बाकीचे मुद्देही वजनदार आहेत. पहिला, तंगी पगारामुळे आलेली नाही. राज्याच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवली आहे, कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात गेलं आहे. निवडणुकीच्या तोंडावर जाहीर झालेल्या योजना, रखडून दुप्पट किमतीला गेलेले प्रकल्प, न वसूल झालेला कर यांचा त्यात मोठा वाटा आहे. दुसरा मुद्दा, राज्यात दोन लाखांहून जास्त मंजूर पदं रिकामी आहेत, म्हणजे कामावर असलेला माणूस आधीच दीड माणसाचं काम करतो. तिसरा, सोलापूरसारख्या शहरात मिल गेल्या, यंत्रमाग अडचणीत आहे, विडीच्या मजुरीत घर भागत नाही; दिवाळीत बाजार हलतो तो शिक्षक, पोलीस, रेल्वे, महावितरण आणि निवृत्तांच्या पैशावर. तो पैसा कापला तर पहिला फटका फळविक्या, शिंपी आणि रिक्षावाला खाणार. आणि चौथा, कायद्याचा. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नव्हे, केलेल्या नोकरीचा तो हक्क आहे.

हे चारही मुद्दे मला मान्य आहेत. पण ते कपातीच्या विरोधातले आहेत. तपासणीच्या विरोधात त्यांतला एकही टिकत नाही.

पगारामुळे तंगी आली नाही हे खरं. पण पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून राज्याच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त पैसा जातो. व्याज तर सावकाराच्या हाती आहे. उरलेल्या एवढ्या मोठ्या भागाकडे बघायचंच नाही, असं कोणत्या घरात चालतं? ‘आधी त्यांचं बघा’ हे उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. मक्तेदार म्हणतो आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्ते, बघा, कर्मचारी म्हणतो मक्तेदाराची बिलं बघा, आमदार म्हणतो दोन्ही बघा आणि स्वतःच्या मानधनाचं विधेयक चर्चेविना मंजूर करतो. ऑगस्ट २०१६ मध्ये आपल्या विधिमंडळाने नेमकं तेच केलं. आमदारांचं वेतन आणि भत्ते पंचाहत्तर हजारांवरून एकदम दीड लाखाच्या वर गेले आणि एरवी दिवसभर एकमेकांच्या अंगावर धावून जाणाऱ्या पक्षांना त्या दिवशी बोलायला काही सापडलं नाही. तेव्हा राज्य दुष्काळाच्या ओळीने आलेल्या वर्षांतून नुकतं बाहेर येत होतं. ती वाढ योग्य होती की अयोग्य, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण मंत्रालयातल्या प्रधान सचिवाच्या मूळ वेतनाशी आमदाराचं वेतन का जोडायचं, दोघांच्या कामाचा संबंध काय, हा प्रश्न सभागृहात एकानेही विचारू नये, हे त्या आकड्यापेक्षा गंभीर आहे.

रिकाम्या पदांचं तर उलटंच आहे. ती पदं म्हणजेच गुपचूप कपात. कोणी घोषणा केली नाही, कोणावर वसुली लावली नाही, फक्त निवृत्त झालेल्याच्या खुर्चीवर माणूस बसवला नाही. नागरी स्वराज्य संस्थांसाठी नियम आहे की आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असेल तरच नवी भरती. ऐकायला शहाणपणाचा वाटतो. व्यवहारात काय होतं? भरती थांबते, काम थांबत नाही. कचरा रोज निघतो, गटारं रोज तुंबतात, उजनीचं पाणी शहरात चार-पाच दिवसांआड आलं तरी व्हॉल्व्ह सोडायला माणूस लागतोच. मग ते काम मक्तेदाराला जातं आणि त्याचं बिल ‘आस्थापना’ या शीर्षाखाली पडत नाही, कंत्राटी सेवेखाली पडतं. कागदावर टक्केवारी सुधारते. तेच झाडू, तीच गल्ली, तेच तास; फक्त झाडणारी बाई आस्थापनेतून गायब झालेली असते. तिला महागाई भत्ता नाही, रजा नाही, आजारपण आलं तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी. पगाराचा खर्च तपासायचा असेल तर तिची मजुरी आणि मक्तेदाराचा नफा याच तक्त्यात आले पाहिजेत. तसं केलं तर कदाचित कळेल की मक्त्याने काम स्वस्त झालेलं नाही. मधल्याचं कमिशन धरता ते महाग पडलं आहे. पण हे कळायला कोणीतरी बेरीज करायला हवी, आणि ती बेरीज करू नका असं म्हणणाऱ्यांत दुर्दैवाने कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनाही आहेत.

गुपचूप कपातीचं दुसरं रूप म्हणजे थकबाकी. आपल्या परिवहनच्या चालक-वाहकांनी थकलेल्या पगारासाठी संप केल्याचं सोलापूरकरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. पगाराचा दर कोणी कमी केला नव्हता. दर कागदावर जसाच्या तसा होता, फक्त पैसे येत नव्हते. मुलाच्या फीसाठी सावकाराकडून घेतलेल्या पैशावरचं व्याज ही त्या कामगाराच्या पगारातली खरी कपात, ती कुठल्याही आदेशात सापडणार नाही. उघडपणे ठरवून, कारण सांगून, वरच्यांपासून सुरू केलेली दहा टक्के कपात या प्रकारापेक्षा शंभर पटींनी प्रामाणिक ठरली असती.

तंगी आली की सरकार सगळ्यात अन्याय्य खर्चावर हात टाकत नाही, सगळ्यात सोप्या खर्चावर टाकतं. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. एका आदेशात काम झालं आणि दोन आर्थिक वर्षांत ३७,५३० कोटी वाचतील असं सांगितलं गेलं. महागाई भत्ता म्हणजे वाढ नव्हे. भाव चढले की पगार जागेवर राहावा यासाठीची ती भरपाई आहे. आपल्या राज्यात १९७७-७८ मध्ये चोपन्न दिवसांचा संप झाला तो केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठीच. ज्वारी दिल्लीच्या कारकुनाला आणि सोलापूरच्या कारकुनाला वेगळ्या भावाने मिळत नाही, हा त्यामागचा साधा युक्तिवाद होता आणि तो बरोबर होता. मग सगळ्या भत्त्यांमध्ये जो सर्वांना समान लागू, ज्याचं कारण सर्वांत स्वच्छ, तोच आधी का गोठला? कारण बाकीचे भत्ते एकेक करून तपासायचे म्हणजे डोकेदुखी. प्रत्येकामागे एक खातं, एक संघटना, एक जुनं परिपत्रक. तंगीच्या आधी तपासणी झालेली नसली की तंगीत कुऱ्हाड सरसकट पडते.

भत्ता या गोष्टीचा स्वभावच चिकट आहे. अडीचशे वर्षांपूर्वीही होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत मोहिमेवर असताना वरखर्चासाठी भत्ता मिळायचा. १७५७च्या प्लासीच्या लढाईनंतर बंगालचा नवाब झालेल्या मीर जाफरने कंपनीच्या अधिकाऱ्यांचा हा भत्ता दुप्पट केला. युद्ध संपलं, दुप्पट भत्ता राहिला. कंपनी तो थांबवा म्हणून लिहीत राहिली, कोणी ऐकेना. शेवटी १७६६च्या जानेवारीपासून कंपनीचा बंगालचा गव्हर्नर क्लाइव्ह याने तो बंद केला, तर बंगालमधल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी सामूहिक राजीनाम्यांचा कट केला. क्लाइव्ह हटला नाही, त्याने तो मोडून काढला. तात्पुरत्या कारणासाठी दिलेला पैसा नऊ वर्षांत हक्क झाला होता. पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. भत्ता बंद करणाऱ्या क्लाइव्हला त्याच मीर जाफरने दिलेल्या जहागिरीचे वर्षाला सुमारे २७ हजार पौंड मिळत होते. छावणीतल्या कॅप्टनला ते ठाऊक होतं. ज्याने स्वतःचं ताट भरून घेतलं आहे त्याने दुसऱ्याच्या ताटातली पोळी मोजायला बसायचं, हे कोणाला पटेल?

१९३१च्या मंदीत ब्रिटनमध्ये याच कारणाने नौदल पेटलं. सरकारने पगार कपातीचा निर्णय घेतला. जुन्या दरावरच्या साध्या खलाशाचा रोज चार शिलिंगांवरून तीनवर आला, म्हणजे चौथाई गेला. अधिकाऱ्यांची कपात त्याच्या निम्म्यानेही नव्हती. सप्टेंबरच्या मध्यावर स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डन बंदरात नांगरलेल्या जहाजांवरच्या खलाशांनी कामावर यायला नकार दिला. लंडनच्या बाजारात घबराट पसरली, २१ सप्टेंबरला ब्रिटनने चलनाची सोन्याशी बांधलेली गाठ सोडली. कपात पुढे दहा टक्क्यांवर आणावी लागली. खलाशी देशद्रोही नव्हते. ‘सगळ्यांनी झळ सोसायची’ असं सांगून झळ एकाच बाजूला लावली, हे त्यांना दिसलं होतं.

आपल्याकडे तर पगाराची उलटतपासणी हा स्वातंत्र्यलढ्याचाच भाग होता, हे आज दोन्ही बाजू विसरल्या आहेत. २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनना पत्र लिहिलं. त्यात त्यांनी व्हाइसरॉयच्या महिना एकवीस हजार रुपये पगाराचा हिशेब मांडला: रोजचे सातशेच्या वर, आणि हिंदी माणसाची सरासरी मिळकत रोज दोन आण्यांहून कमी. व्यक्तीवर राग नाही, पण असा पगार देणारी व्यवस्था मोडायला हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. महिन्याभराने, ६ एप्रिलला, सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे महिन्यात शहरात मार्शल लॉ आला. पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले. आणि मार्च १९३१ मध्ये कराचीच्या काँग्रेसने ठराव केला की स्वराज्यात तज्ज्ञांसारखे अपवाद सोडता सरकारी पगार सहसा महिना पाचशे रुपयांपेक्षा जास्त नसावा. १९३७ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं आली तेव्हा मंत्र्यांनी पाचशेच घेतले. आजच्या काळात तो आकडा लावा असं मी म्हणत नाही. सार्वजनिक पगाराबद्दल प्रश्न विचारणं हा कामगारद्रोह आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी चार हुतात्मा चौकातून जाताना हे एकदा आठवावं एवढंच म्हणतो. आणि आजही, राज्यघटनेच्या ३६०व्या कलमात आर्थिक आणीबाणीत उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसकट सर्वांचे पगार कमी करण्याची तरतूद आहे. ते कलम कधी वापरावं लागलं नाही, हे चांगलंच. पण घटना लिहिणाऱ्यांना या विषयाला हात लावणं पाप वाटलं नव्हतं.

आता तपासणी म्हणजे नेमकं काय, ते एका भत्त्यावर दाखवतो. घरभाडे भत्ता. माझी धाकटी बहीण अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे, राहते जुळे सोलापुरात. नियम म्हणतो, मुख्यालयी राहा, म्हणजे शाळेच्या गावात, तरच घरभाडे भत्ता. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हा विषय विधानसभेत काढला तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. लोक म्हणाले, शिक्षक सरकारला फसवतात. शिक्षक म्हणाले, आमचा अपमान झाला. दोन्हीकडून मोर्चे, दोन्हीकडून भाषणं. त्या गदारोळात नियमाकडे कोणी पाहिलंच नाही.

माझ्या बहिणीच्या गावात भाड्याने देण्याजोगी स्वतंत्र खोली नाही. ज्या दोन आहेत त्यांत संडास नाही. तिची मुलगी बारावीला, नवऱ्याची नोकरी शहरात. ती सकाळी साडेआठला घर सोडते, बसने आणि मग एका पालकाच्या मोटारसायकलवर शाळेत पोचते, दहा मिनिटं आधी. घरात कन्नड बोलणारी तिची पहिलीतली पोरं दिवाळीपर्यंत मराठी वाचायला लागतात. ही बाई कामचुकार नाही. पण दरवर्षी तिला ‘मी मुख्यालयी राहते’ असं लिहून द्यावं लागतं, गावकीचा दाखला जोडावा लागतो, आणि दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असतं की हे खोटं आहे. दाखला ज्याच्या हातात, त्याच्यापुढे ती वर्षभर मिंधी. शाळेच्या पोषण आहाराच्या तांदळात काही कमी-जास्त दिसलं तर ती बोलेल का?

सरसकट भत्ता बंद करा म्हणणाऱ्याला हे दिसत नाही, आणि भत्त्याला हात लावू नका म्हणणाऱ्यालाही. प्रामाणिक तपासणी तीन प्रश्न विचारेल. हा भत्ता सुरू कशासाठी झाला? शिक्षक रात्री गावात असावा म्हणून. ती गरज आज आहे का? शिक्षकाच्या बाबतीत बहुधा नाही. आरोग्यसेविकेच्या बाबतीत नक्की आहे, बाळंतपण रात्री दोनला अडतं. गरज आहे तिथे घर आहे का? नसेल तर भत्त्याचा पैसा गोळा करून क्वार्टर बांधा. गरज नाही तिथे अट काढा आणि भत्त्याला पगाराचा भाग म्हणून मान्य करा, म्हणजे हजारो सुशिक्षित माणसांना दरवर्षी खोटं लिहून द्यावं लागणार नाही. यात बहिणीचा एक रुपया जात नाही. उलट तिची मान सुटते.

तपासणीतून वाढसुद्धा निघू शकते. सातव्या वेतन आयोगापुढे १९६ भत्त्यांची यादी आली होती. आयोगाने ५२ रद्द करा म्हटलं, ३६ दुसऱ्यांत मिसळा म्हटलं. पण धोका आणि कष्ट यांचं मोजमाप करताना त्याच कामातून सियाचीनच्या जवानाचा भत्ता महिना १४ हजारांवरून ३० हजारांवर गेला. कारण एकेक भत्ता शेजारी ठेवून पाहिला की कळतं, कुठे कारण मेलं आहे आणि पैसा जिवंत आहे, आणि कुठे कारण बर्फात उभं आहे आणि पैसा पोचत नाही. आपल्या गटारात उतरणाऱ्या माणसाचा धोका या मापाने कोणी मोजला आहे?

मोजणीचं महत्त्व आपल्याला नवं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी शाळांची पटपडताळणी झाली. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना जे करून दाखवलं, तेच राज्यभर नेलं गेलं. मुलं प्रत्यक्ष मोजली गेली आणि लाखो नावं फक्त हजेरीपटावर असल्याचं उघड झालं. त्या नावांवर तुकड्या मंजूर होत्या, पदं मंजूर होती, पगार निघत होते. त्या मोजणीने प्रामाणिक शिक्षकाचं काय बिघडलं? ग्रीसने २०१० मध्ये दिवाळखोरीच्या तोंडावर आल्यावर सरकारी नोकरांची गणती केली, कारण आपल्या पगारावर नेमकी किती माणसं आहेत हेच सरकारला माहीत नव्हतं. त्याआधी जाहीर झालेल्या भत्तेकपाती मात्र सरसकट होत्या. आधी मोजलं असतं तर कोणावर किती ओझं टाकायचं हे तरी डोळे उघडे ठेवून ठरवता आलं असतं.

आणि इतकं सगळं करूनही तूट उरली, खरोखरच पगाराला हात लावायची वेळ आली, तर? तर पायऱ्या हव्यात. करोनाच्या सुरुवातीला आपल्याच राज्याने मार्च २०२०च्या पगारासाठी तशा पायऱ्या लावल्या होत्या: लोकप्रतिनिधींना ४० टक्के, अ आणि ब वर्गाला ५०, क वर्गाला ७५, ड वर्गाला पूर्ण पगार, उरलेलं नंतर. घोषणेत गोंधळ झाला, पण क्रम बरोबर होता. दुसरं, घेतलेलं परत कधी देणार याची तारीख त्याच आदेशात हवी. आंध्र प्रदेशने त्या काळात रोखलेलं वेतन आणि निवृत्तिवेतन व्याजासह द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं आणि व्याजाचा दर ६ टक्के ठरवला. कर्मचाऱ्याकडून सरकारने घेतलेलं ते उसनं आहे, दान नव्हे.

आपल्या महापालिकेत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं प्रशासकराज होतं. अंदाजपत्रक करणारे आणि मंजूर करणारे एकच. त्या काळात आस्थापना खर्चावर, मक्त्यांवर, गाड्यांवर सभागृहात एक प्रश्न निघाला नाही, कारण सभागृहच नव्हतं. लोकांनी निवडून दिलेल्यांपुढे अंदाजपत्रक येतं तेव्हा पाणीपट्टी वाढते की नाही एवढंच बघून आपण उठतो. या वेळी तसं उठू नये.

माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचं मासिक वेतन कार्यालयाने आपण होऊन जाहीर करायला हवं आहे. म्हणजे पगार ही गुप्त गोष्ट २००५ पासून राहिलेलीच नाही. कंत्राटी माणसाबद्दल मात्र कोणी आपण होऊन काही सांगत नाही. आमच्या गल्लीत झाडायला येणाऱ्या बाईंना मी गेल्या महिन्यात विचारलं, पगाराची चिठ्ठी मिळते का. त्यांनी पदराच्या गाठीतून घडी पडलेलं पासबुक काढलं. एका महिन्याची नोंद नऊ तारखेची, पुढची सव्वीसची, त्यापुढचा महिना कोराच. चिठ्ठी त्यांनी आयुष्यात पाहिलेली नाही. मी अर्ज लिहून ठेवला आहे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. तीन गोष्टी मागितल्या आहेत: सफाईच्या मक्त्याची वर्षाची एकूण रक्कम, त्यातून कामगारांच्या खात्यांवर प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम, आणि त्याच वर्षातली अधिकाऱ्यांच्या वाहनांची लॉगबुकं. सोमवारी नेऊन देणार आहे.